जुने जहाज, नवी सफर : संशोधन जहाजाच्या दुरुस्तीचे अर्थशास्त्र



‘सागर कन्या’ हे भारताचे सागरी संशोधन जहाज १९८३ मध्ये तत्कालीन पश्चिम जर्मनीत बांधले गेले. पोलादी बांधणीचे, सुमारे शंभर मीटर लांबीचे आणि तीसेक शास्त्रज्ञांना घेऊन अनेक आठवडे समुद्रात राहू शकणारे हे जहाज गोव्यातील सागरी संशोधन संस्थांशी जोडले गेले. त्याच्या पुढच्याच वर्षी डेन्मार्कमध्ये बांधलेले ‘सागर संपदा’ मत्स्य आणि सागरी जीवसंपदेच्या अभ्यासासाठी दाखल झाले आणि पुढे कोचीहून काम करू लागले. या दोन जहाजांनी चार दशकांत देशाला हिंदी महासागराची ओळख करून दिली. त्यांच्या शोधांविषयी पाठ्यपुस्तकांत थोडेफार लिहिले जाते. परंतु इतकी वर्षे खाऱ्या पाण्यात राहिलेले पोलाद टिकले कसे, त्यासाठी काय करावे लागते आणि त्या खर्चाचा हिशेब कसा मांडायचा, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

विषय वरकरणी तांत्रिक वाटतो. प्रत्यक्षात तो सार्वजनिक अर्थव्यवहारातील एका मूलभूत प्रश्नाशी निगडित आहे. राष्ट्राने एखादी मत्ता निर्माण केल्यानंतर ती कार्यक्षम ठेवण्याची जबाबदारी कशी पार पाडावी, हा तो प्रश्न होय. धरण, रेल्वेमार्ग, रुग्णालय आणि संशोधन जहाज यांची यंत्रे भिन्न असली, तरी त्यांच्या देखभालीचे अर्थशास्त्र एकच आहे. जहाजाच्या बाबतीत ते अधिक स्पष्ट दिसते, कारण समुद्र हलगर्जीपणाला फार काळ सवलत देत नाही.

संशोधन जहाजाची गरज

भारताचे अनन्य आर्थिक क्षेत्र वीस लाख चौरस किलोमीटरहून अधिक विस्ताराचे आहे. या क्षेत्राची माहिती उपग्रहांकडून मिळते, तरंगत्या उपकरणांकडूनही मिळते. मात्र हजारो मीटर खोलीवरील पाण्याचा नमुना, समुद्रतळावरचा गाळ किंवा खनिजांचा खडा वर आणायचा असेल, तर आजही जहाजाला पर्याय नाही.

देशाच्या या क्षेत्रातील वाटचालीची सुरुवातही एका जुन्या जहाजाच्या रूपांतराने झाली, ही गोष्ट उद्बोधक आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे १९७६ मध्ये आलेले ‘गवेषणी’ हे मुळात गाळ वाहून नेण्यासाठी बांधलेले हॉपर जातीचे जहाज होते. कोलकात्याच्या गार्डन रीच येथे त्याचे संशोधन जहाजात रूपांतर करण्यात आले. याच ‘गवेषणी’ने २६ जानेवारी १९८१ रोजी समुद्रतळावरून बहुधातुयुक्त खनिजगोळे वर काढले. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्रात महासागर विकास विभाग स्थापन झाला. १९८७ मध्ये भारताची आद्य गुंतवणूकदार म्हणून नोंदणी झाली, तर २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाबरोबर करार झाला. मध्य हिंदी महासागरातील ७५ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र भारताकडे राहिले, त्यामागे जहाजांनी वर्षानुवर्षे केलेले सर्वेक्षण आहे.

मान्सूनच्या अभ्यासातही जहाजांचा वाटा मोठा आहे. १९९९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये बंगालच्या उपसागरात झालेल्या मान्सून प्रयोगात ‘सागर कन्या’ आणि नौदलाचे ‘सागरध्वनी’ ही दोन्ही जहाजे सहभागी होती. २००२ आणि २००३ मध्ये अरबी समुद्रातही अशीच मोहीम राबवण्यात आली. ज्या देशाची शेती पावसावर अवलंबून आहे, त्या देशात समुद्रावरील एका दिवसाच्या निरीक्षणाचे मोल किती, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

यावरून संशोधन जहाजाचे उत्पादन कोणते, हे ठरवता येते. मालवाहू जहाजाचे उत्पादन टन आणि सागरी मैलांत मोजतात. संशोधन जहाजाचे उत्पादन म्हणजे समुद्रावरील कामाचा दिवस. पुढील सर्व विवेचन या एका एककाभोवती फिरते.

पोलाद आणि समुद्र

मुंबईच्या वाडिया कुटुंबाने सागवानातून बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज १८१७ मध्ये समुद्रात उतरले. ते आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे संग्रहालय म्हणून पाहायला मिळते. लाकडाचा शत्रू कीड आणि कुज. पोलादाचा शत्रू गंज. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक असल्याने जहाजाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म विद्युत-रासायनिक घट तयार होतात आणि त्यात लोह विरघळत जाते. पाणी आणि हवा आळीपाळीने लागणाऱ्या पट्ट्यात ही प्रक्रिया विशेष वेगाने होते. पिछाडीला पितळी किंवा कांस्याचा पंखा असतो, त्यामुळे त्याच्या आसपासचे पोलाद अधिक झिजते. म्हणून तेथे जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे ठोकळे बसवतात. हे ठोकळे स्वतः झिजून पोलादाला वाचवतात. त्यांचे नियमित नूतनीकरण हा जहाजाच्या देखभालीतील सर्वांत स्वस्त विमा म्हणता येईल.

दुसरा शत्रू म्हणजे सागरी जीव. उष्ण कटिबंधातील पाण्यात शेवाळ आणि बार्नकल यांचे थर बुडाला लवकर चढतात. त्यामुळे जहाजाचा पाण्याशी होणारा घर्षणविरोध वाढतो आणि तोच वेग राखण्यासाठी अधिक इंधन जाळावे लागते. पूर्वी यावर उपाय म्हणून कथिलाची सेंद्रिय संयुगे असलेला रंग लावत. परंतु त्याने इतर सागरी जीवांना अपाय होत असल्याचे आढळल्यावर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये करार स्वीकारला. तो सप्टेंबर २००८ पासून लागू झाला. आता अन्य प्रकारचे रंग वापरावे लागतात.

कोकणातील मच्छीमार पावसाळ्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात. या शहाणपणाचे आंतरराष्ट्रीय नियमांतील रूप म्हणजे जहाजाची ठरावीक काळाने होणारी तळतपासणी. सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली मालवाहू जहाजाच्या बुडाची तपासणी पाच वर्षांत किमान दोनदा आणि दोन तपासण्यांत ३६ महिन्यांपेक्षा अधिक अंतर पडू न देता करावी लागते. संशोधन जहाजांसाठी विशेष उद्देशाच्या जहाजांची स्वतंत्र संहिता आहे. आपल्या देशात नौवहन महासंचालनालय ही नियामक यंत्रणा आहे, तर १९७५ मध्ये स्थापन झालेली भारतीय जहाज वर्गीकरण संस्था तांत्रिक तपासणी करते. जहाजाचे वय जसजसे वाढते, तसतशी पंचवार्षिक तपासणीची व्याप्तीही वाढत जाते.

सुक्या गोदीतील कामाचा क्रम

सुकी गोदी म्हणजे समुद्राला लागून खोदलेला, दरवाजा असलेला मोठा हौद. जहाज येण्यापूर्वी रिकाम्या गोदीच्या तळावर लाकडी माथ्याचे ठोकळे जहाजाच्या आराखड्यानुसार मांडले जातात. त्यानंतर पाणी आत घेऊन जहाज आणले जाते. दरवाजा बंद होतो आणि पंप सुरू होतात. पाणी उतरताना बहुधा जहाजाची पिछाडी ठोकळ्यांना आधी टेकते. जहाज अंशतः ठोकळ्यांवर आणि अंशतः पाण्यावर असते, तेव्हा त्याचा समतोल सर्वांत नाजूक असतो. म्हणून टाक्यांमधील पाणी व इंधन आधीच योग्य प्रमाणात वाटून जहाज शक्य तितके सपाट तरंगेल, याची काळजी घेतली जाते.

हा धोका केवळ पुस्तकी नाही. स्कॉटलंडमधील लीथ येथील सुक्या गोदीत मार्च २०२३ मध्ये जोरदार वारे वाहत असताना ‘पेट्रेल’ हे संशोधन जहाज आधारांवरून कलंडले आणि तीसहून अधिक माणसे जखमी झाली. समुद्रावरील जहाजाला पाणी सर्व बाजूंनी उचलून धरते. गोदीत मात्र सारा भार मोजक्या ठोकळ्यांवर येतो. बंद टाक्यांमधील विषारी वायू, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि उंचावरील काम हे धोकेही असतात. सुरक्षेवरील खर्च हा दुरुस्तीचा अंगभूत भाग आहे. तो वेगळा काढून वाचवण्याची बाब नव्हे.

पाणी उतरल्यावर बूड उच्च दाबाच्या पाण्याने धुतले जाते. मग पत्र्यांची जाडी ध्वनिलहरींच्या उपकरणाने शेकडो ठिकाणी मोजतात. सर्वसाधारणपणे मूळ जाडीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्यापर्यंतची झीज भागानुसार सहन केली जाते. उदाहरणार्थ, १२ मिलिमीटरचा पत्रा ९ मिलिमीटरपर्यंत उतरला, तर तो कापून नवा बसवण्याची वेळ आली असे समजावे. बाहेरचे पत्रे रंगकामामुळे दृष्टीस पडतात. खरी चिंता असते ती समतोलासाठी पाणी भरण्याच्या टाक्यांची, शौचालये व स्वयंपाकघराखालील पत्र्यांची आणि पाणी साचून राहणाऱ्या कोपऱ्यांची. तेथे गंज आतून पोखरतो.

यानंतर पंख्याचा दांडा बाहेर काढून त्याची धारवे तपासतात. सुकाणूच्या सांध्यातील मोकळीक मोजतात. समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या झडपा उघडून साफ करतात. नांगराची साखळी गोदीच्या तळावर पसरून तिच्या कड्यांचा व्यास तपासतात. इंजिने, जनित्रे, वातानुकूलन, अग्निशमन आणि विजेच्या तारा यांची कामे समांतर चालतात. जुन्या जहाजांत उष्णतारोधक म्हणून ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. त्याला हात लावण्यापूर्वी विशेष खबरदारी घ्यावी लागते.

अखेरीस जस्ताचे नवे ठोकळे आणि रंगाचे थर लागतात. ठोकळ्यांवर टेकलेला बुडाचा भाग या खेपेला रंगवता येत नाही. म्हणून पुढील वेळी ठोकळ्यांची जागा बदलतात. पाणी पुन्हा आत सोडताना झडपा बुडेपर्यंतच पातळी वाढवून थांबतात. कोठे गळती नाही याची खात्री पटल्यावरच जहाज तरंगू दिले जाते. वर्षानुवर्षांच्या रंगामुळे, नव्या तारांमुळे व उपकरणांमुळे जुन्या जहाजाचे वजन वाढलेले असते. म्हणून मोठ्या दुरुस्तीनंतर त्याचा समतोल नव्याने मोजणे आवश्यक ठरते.

संशोधन जहाजाचे वेगळेपण

येथपर्यंतचे काम कोणत्याही जहाजाला लागू पडते. संशोधन जहाज मात्र स्वतःच एक मापनयंत्र असते. त्याच्या बुडाला ध्वनिलहरी सोडणारी व परत येणारी लहर टिपणारी उपकरणे बसवलेली असतात. ‘सागर कन्या’वर एकाच वेळी समुद्रतळाचा रुंद पट्टा मोजणारी बहुलहरी यंत्रणा बसवल्यामुळे तळाचे सविस्तर नकाशे तयार करणे शक्य झाले.

अशा उपकरणाची मांडणी डाव्या किंवा उजव्या बाजूला अर्धा अंश जरी कलली, तरी काय होते, याचा हिशेब साधा आहे. समुद्राची खोली ४,००० मीटर आहे आणि लहरींचा पट्टा दोन्ही बाजूंना साठ अंशांपर्यंत पसरला आहे असे धरले, तर पट्ट्याच्या कडेला खोलीच्या मोजमापात सुमारे ६० मीटरची चूक येते. सपाट तळ नकाशावर उतरता दिसू लागतो. म्हणून गोदीतून बाहेर पडल्यावर एकाच पट्ट्यावरून विरुद्ध दिशांनी जहाज नेऊन ही चूक शोधतात आणि दुरुस्त करतात. या चाचणीसाठी राखलेले दिवस वाचवण्याचा मोह झाला, तर पुढील अनेक महिन्यांची आकडेवारी संशयास्पद ठरते.

हजारो मीटर पोलादी दोर गुंडाळणारी यंत्रे आणि उपकरणे समुद्रात सोडणारी कमान यांचीही भारचाचणी घ्यावी लागते. दोर तुटला तर उपकरण तळाशी जाते आणि जोराने मागे येणारा दोर डेकवरील माणसाच्या जिवावर बेततो. पंख्याच्या पात्याला पडलेली चीर किंवा इंजिनाच्या आधारांचा सैलपणा मालवाहू जहाजाला चालून जाईल. संशोधन जहाजात त्यातून उठणारा आवाज ध्वनिउपकरणांना बधिर करतो. अर्थात, केवळ सुरक्षा प्रमाणपत्र मिळाले म्हणजे संशोधन जहाज दुरुस्त झाले असे होत नाही.

निविदेपलीकडील काम

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या क्षेत्रात अपूर्ण माहितीचे उत्तम उदाहरण सापडते. जहाज गोदीत येईपर्यंत काम नेमके किती आहे, हे मालकालाही ठाऊक नसते आणि गोदीलाही. रंग खरवडल्यावर पत्र्याचे खरे रूप दिसते. निविदेत दहा टन पोलाद बदलण्याचा अंदाज असेल आणि प्रत्यक्षात तीस टन बदलावे लागले, तर त्या वाढीव कामाचा दर कोण ठरवणार? जहाज तोवर ठोकळ्यांवर बसलेले असते. ते उचलून दुसऱ्या गोदीत नेता येत नाही. वाटाघाटीतील वरचष्मा अशा वेळी आपोआप गोदीकडे जातो.

म्हणून केवळ सर्वांत कमी बोलीवर काम देणे पुरेसे ठरत नाही. कमी बोली लावून नंतर वाढीव कामावर भरपाई करून घेण्याची प्रेरणा त्यात दडलेली असते. यावरील उपाय माहितीचे आहेत. गोदीत जाण्याच्या कित्येक महिने आधी जहाज तरंगत असतानाच टाक्यांच्या आतून पत्र्यांची जाडी मोजता येते. पाणबुड्यांकडून बुडाचे चित्रण करता येते. निविदेत प्रतिकिलो पोलाद, प्रतिचौरस मीटर रंग आणि प्रतिझडप असे एकक दर आधीच मागवता येतात. वाढीव कामासाठी अंदाजपत्रकात राखीव रक्कम ठेवता येते. विदेशी बनावटीच्या इंजिनाचे सुटे भाग मिळण्यास कित्येक महिने लागतात. ते गोदीत शिरण्यापूर्वी हातात असले पाहिजेत. गोदीतील प्रतीक्षेचा प्रत्येक दिवस हा समुद्रावरचा गमावलेला दिवस असतो.

वेळेची निवडही अशीच कठीण आहे. जून ते सप्टेंबर या काळात समुद्र खवळलेला असतो. त्यामुळे जहाज गोदीत घालण्यास हा काळ सोयीचा वाटतो. परंतु हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली किंवा पत्र्याचे तापमान दवबिंदूच्या जवळ आले, तर लावलेला रंग धरत नाही. दुसरीकडे, मान्सूनचे निरीक्षण करण्यासाठी जहाज याच महिन्यांत समुद्रावर हवे असते. कोरड्या ऋतूत दुरुस्ती करावी, तर सर्वेक्षणाचे सर्वांत शांत दिवस खर्ची पडतात. या पेचाला एकच एक उत्तर नाही. मात्र निर्णय दोन वर्षे आधी, संशोधन कार्यक्रमाबरोबरच झाला, तर हानी मर्यादित राहते. प्रमाणपत्राची मुदत संपत आली म्हणून घाईने घेतलेला निर्णय सर्वांत महाग पडतो.

हिशेब कसा मांडावा

आता कामाच्या दिवसाच्या एककाकडे वळू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, एका जहाजाचा खलाशी, विमा, बंदर आणि व्यवस्थापन यांवरील स्थिर वार्षिक खर्च ३६ कोटी रुपये आहे. जहाज वर्षातून २४० दिवस समुद्रावर राहिले, तर एका दिवसाला १५ लाख रुपये पडतात. बिघाडांमुळे ते १८० दिवसच बाहेर पडू शकले, तर तोच दिवस २० लाखांना पडतो. देखभालीच्या खर्चात कपात केल्याचे समाधान अंदाजपत्रकात दिसते. महाग झालेला दिवस मात्र कोणत्याही लेखाशीर्षाखाली दिसत नाही.

मोठी दुरुस्ती की नवे जहाज, हा निर्णयही याच पद्धतीने तपासता येतो. समजा, नवे जहाज ९०० कोटींना पडते आणि तीस वर्षे चालते. व्याज बाजूला ठेवले, तर त्याचा वार्षिक बोजा ३० कोटी होतो. जुन्या जहाजाच्या व्यापक दुरुस्तीस १५० कोटी लागतात आणि आयुष्य दहा वर्षांनी वाढते. वार्षिक बोजा १५ कोटी. वरवर पाहता दुरुस्ती निम्म्या किमतीत पडते. परंतु दुरुस्तीनंतरही जुने जहाज नव्यापेक्षा दरवर्षी ६० दिवस कमी काम देत असेल, तर २० लाख रुपये दराने १२ कोटींचे नुकसान होते. जादा इंधन आणि सुटे भाग यांचे ५ कोटी धरले, तर एकूण बोजा ३२ कोटींवर जातो आणि निष्कर्ष उलटतो. व्याज हिशेबात घेतल्यास नव्या जहाजाचा बोजा वाढेल आणि तराजू पुन्हा झुकू शकेल. यातून एक गोष्ट स्पष्ट होते. निर्णायक ठरतो तो गोदीच्या देयकाचा आकडा नव्हे, तर दुरुस्तीनंतर जहाज किती दिवस विश्वासाने चालेल, हा अंदाज.

या हिशेबात न मावणारी एक हानीही आहे. समुद्राच्या एकाच ठिकाणी वर्षानुवर्षे घेतलेल्या नोंदींची मालिका एका वर्षी खंडित झाली, तर ती पोकळी पुढे कितीही निधी देऊन भरून काढता येत नाही. गेलेल्या वर्षाचा समुद्र परत मोजता येत नाही.

इतर देशांचा अनुभव

ब्रिटनचे ‘डिस्कव्हरी’ हे संशोधन जहाज १९६२ मध्ये बांधले गेले. १९९० ते १९९२ या काळात पोर्तुगालमध्ये त्याची मोठी पुनर्बांधणी झाली आणि त्याची लांबी सुमारे दहा मीटरने वाढवण्यात आली. त्यानंतर ते आणखी वीस वर्षे चालले. २०१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी त्याच नावाचे नवे जहाज दाखल झाले. अमेरिकेचे ‘थॉमस जी. थॉम्पसन’ १९९१ चे. सिॲटल येथे २०१६ मध्ये त्याची मध्यायुष्य दुरुस्ती सुरू झाली. इंजिने, नियंत्रणव्यवस्था, नळ आणि ध्वनिउपकरणे यांचे नूतनीकरण होऊन २०१८ च्या सुरुवातीस ते पुन्हा कामाला लागले. खर्च पाच कोटी डॉलरच्या वर गेला आणि आयुष्य पंधरा ते वीस वर्षांनी वाढेल असा अंदाज बांधण्यात आला.

दोन्ही उदाहरणांतील समान सूत्र लक्षणीय आहे. दुरुस्ती आयुष्याच्या मध्यावर, म्हणजे पंचवीस-तीस वर्षांच्या सुमारास आणि नियोजनपूर्वक करण्यात आली. पोलादी सांगाडा भक्कम असतानाच यंत्रे बदलली, तर गुंतवणुकीला पुढे वापरण्यासाठी पुरेशी वर्षे मिळतात. सांगाडाच थकल्यावर बसवलेले नवे इंजिन जुन्या जहाजाबरोबरच निवृत्त होते.

सार्वजनिक वित्ताचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे येणे क्रमप्राप्त आहे. देखभालीला निधी कमी का पडतो? नव्या जहाजाची खरेदी भांडवली खर्चात मोडते, तर नियमित दुरुस्ती सामान्यतः महसुली खर्चात. २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व आणि अर्थसंकल्प व्यवस्थापन कायद्याने महसुली तूट संपवण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. २०१८ च्या दुरुस्तीने महसुली तुटीचे लक्ष्य वगळून राजकोषीय तूट व कर्जाच्या मर्यादेवर भर देण्यात आला. तथापि, महसुली खर्च म्हणजे अनुत्पादक खर्च ही समजूत अद्याप मावळलेली नाही. वेतन आणि व्याज यांना हात लावता येत नाही. त्यामुळे कात्री देखभालीवर चालते. पुढे ढकललेली देखभाल हे एक प्रकारचे कर्जच आहे. त्याची नोंद कोठे होत नाही आणि त्याचे व्याज गंजाच्या गतीने वाढत जाते.

अलीकडील काळात काही स्वागतार्ह पावले पडली आहेत. मे २०२१ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने जहाजांच्या देखभाल-दुरुस्ती सेवांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२४ मध्ये कोची येथे ३१० मीटर लांबीच्या नव्या सुक्या गोदीचे आणि आंतरराष्ट्रीय जहाज दुरुस्ती केंद्राचे उद्घाटन झाले. १३० मीटर लांबीपर्यंतची जहाजे उचलणारी यंत्रणा या केंद्रात आहे. संशोधन जहाजांना नेमकी याच आकाराची सोय लागते. जून २०२१ मध्ये पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटी रुपयांच्या खोल समुद्र मोहिमेला मान्यता मिळाली. जुलै २०२४ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने कोलकात्याच्या गार्डन रीच जहाजबांधणी कंपनीशी नव्या संशोधन जहाजासाठी सुमारे ८४० कोटी रुपयांचा करार केला. ज्या गार्डन रीचला ‘गवेषणी’चे रूपांतर झाले, तेथेच हे जहाज बांधले जाणार आहे, ही देशाच्या औद्योगिक वाटचालीची खूण होय.

मात्र नवे जहाज करार होताच समुद्रावर जात नाही. बांधणी, चाचण्या आणि उपकरणांची जुळणी यांत वर्षे जातात. तोवर जुन्या जहाजांवरच काम चालवावे लागते. नवे जहाज विश्वासाने काम करू लागेपर्यंत जुने चालू स्थितीत राहावे, एवढी देखभाल म्हणूनच आवश्यक ठरते. नवे येणार म्हणून जुन्याची आबाळ केली, तर दोन्हींच्या मधल्या काळात देशाकडे पुरेसे जहाजच उरत नाही.

या संदर्भात तीन गोष्टी धोरण म्हणून स्वीकारण्याजोग्या आहेत. पहिली, जहाज खरेदीला मंजुरी देतानाच त्याच्या संपूर्ण आयुष्यातील गोदीतील दुरुस्त्यांचा आणि मध्यायुष्य नूतनीकरणाचा अंदाज त्याच प्रस्तावात असावा. दुसरी, या कामांसाठीचा निधी आर्थिक वर्षाच्या सीमेत अडकू नये. मार्चअखेर निधी संपवण्याच्या घाईत ठरवलेली दुरुस्ती ऋतूही पाहत नाही आणि सुटे भागही. तिसरी, जहाजाच्या कामगिरीचा अहवाल समुद्रावरील दिवस आणि एका दिवसाचा खर्च या दोन आकड्यांत दरवर्षी प्रसिद्ध व्हावा. संसदेला आणि नागरिकांना देखभालीचे मोल त्यातूनच कळेल.

प्रत्येक जहाजाचा शेवटही ठरलेला असतो. जहाजांच्या सुरक्षित पुनर्वापराविषयीचा हाँगकाँग करार २६ जून २०२५ रोजी अमलात आला. भारताने त्याआधीच २०१९ मध्ये त्यासाठी कायदा केला होता. जहाजावरील घातक पदार्थांची यादी ठेवणे आता मालकाचे कर्तव्य आहे. ती यादी दुरुस्तीच्या काळातच, भिंती आणि तक्ते उघडले असताना अचूक तयार होते. अशा रीतीने गोदीतील काम जहाजाच्या अखेरच्या प्रवासाचीही तयारी करून ठेवते.

नवे जहाज पाण्यात उतरते, तेव्हा समारंभ होतो आणि त्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात. तेच जहाज वीस वर्षांनी गोदीच्या तळावर ठोकळ्यांवर बसते, तेव्हा तेथे असतात फक्त हातोडी घेऊन पत्रा ठोकणारे कामगार आणि जाडीचे आकडे लिहून घेणारा तपासनीस. विकासाचा अभ्यास करणाऱ्याने पहिल्या समारंभाची तारीख जरूर लक्षात ठेवावी. परंतु त्या तपासनिसाच्या वहीतील आकडा नऊ मिलिमीटर आहे की साडेआठ, आणि तो वाचून कोणी वेळेत निर्णय घेतला की नाही, हेही विचारावे. पुढल्या मान्सूनमध्ये जहाज समुद्रावर असेल की नाही, ते त्यावर ठरते.